प्राचीन जगाची गोष्ट, पुराव्यानिशी

प्रस्तावना

प्राचीन भारताची सर्वसामान्य वाचकासाठी लिहिलेली सर्वांत गाजलेली कहाणी आमच्या जिल्ह्यात लिहिली गेली. १९४४ च्या एप्रिल ते सप्टेंबर या पाच महिन्यांत, अहमदनगरच्या भुईकोट किल्ल्यात कैदेत असताना जवाहरलाल नेहरूंनी 'डिस्कव्हरी ऑफ इंडिया' लिहिले. १९४६ साली ते छापून आले. त्याच किल्ल्यात मौलाना आझाद 'गुबार-ए-खातिर'मधली पत्रे लिहीत होते आणि आचार्य नरेंद्र देव बौद्ध दर्शनाच्या अभ्यासात गढलेले होते. सिंधू संस्कृतीबद्दल नेहरू भरभरून लिहितात. पण ज्या जिल्ह्यात बसून ते लिहीत होते, त्याच्या जमिनीत काय दडले आहे हे अजून उजेडात यायचे होते. संगमनेर तालुक्यातल्या जोर्व्याचे उत्खनन १९५०-५१ मध्ये झाले, नेवाशाचे १९५४ मध्ये सुरू झाले आणि दायमाबादचे टेकाड पुरातत्त्वज्ञांच्या नजरेस पडले ते १९५८ साली.

घोडेगाव या सगळ्याच्या मधोमध आहे. नगरहून संभाजीनगरकडे जाणाऱ्या महामार्गावरचे, जनावरांच्या आणि कांद्याच्या बाजारासाठी ओळखले जाणारे आणि शनिशिंगणापूरला जाणारे भाविक जिथे वळतात ते हे गाव. नेवासे त्याच तालुक्यात. प्रवरेच्या काठाने वर गेले की श्रीरामपूर तालुक्यातले दायमाबाद आणि आणखी वर जोर्वे. गोदावरीने खाली गेले की पैठण. साडेतीन-चार हजार वर्षांचा शेतीचा, तांब्याचा, नाण्यांचा आणि व्यापाराचा इतिहास एवढ्याशा टापूत आहे. तरीही इथल्या बहुतेक वाचकांना सीझरचा खून कसा झाला हे ठाऊक असते, पिरॅमिड कोणी बांधले हे ठाऊक असते, आणि 'जोर्वे संस्कृती' हे शब्द मात्र स्पर्धा परीक्षेच्या गाइडात पहिल्यांदा भेटतात. दोष वाचकाचा नाही. सीझरची गोष्ट कोणीतरी रंगवून सांगितली आहे. जोर्व्याचा अहवाल आहे, गोष्ट नाही.

हे पुस्तक त्या दिशेने टाकलेले पाऊल आहे. पण या वाटेने आधी कोण कोण गेले, कुठे पोचले आणि कुठे घसरले, हे नव्या वाचकाला माहीत असलेले बरे.

आपण ज्या लेखनप्रकाराबद्दल बोलत आहोत त्याच्या एका बाजूला संशोधनग्रंथ आहे आणि दुसऱ्या बाजूला ऐतिहासिक कादंबरी. संशोधनग्रंथ तज्ज्ञांसाठी असतो. त्यात खापराच्या तुकड्यांचे तक्ते असतात, थरांच्या आकृत्या असतात आणि निष्कर्ष शेवटच्या प्रकरणात अंग चोरून उभा असतो. कादंबरीकाराला पात्राच्या मनात शिरण्याची मुभा असते. हरि नारायण आपट्यांनी 'चंद्रगुप्त' लिहिताना ती घेतली आणि वाचकांनी ती आनंदाने दिली. कथनपर इतिहास या दोघांच्या मधल्या बांधावरून चालतो. त्याला माणसे हवीत, प्रसंग हवेत, पुढे काय झाले ही उत्सुकता हवी. पण एकही संवाद पदरचा घालता येत नाही, आणि आपण सांगतो त्याची खात्री किती हे वाक्यावाक्यात कळवावे लागते. काम अवघड आहे, म्हणूनच ते चांगले करणारे थोडे.

जगात या प्रकाराचा मूळपुरुष हेरोडोटस मानला जातो. ख्रिस्तपूर्व पाचव्या शतकातला हा ग्रीक लेखक भारताबद्दल लिहिताना सोने उकरून काढणाऱ्या मुंग्यांची कहाणीही सांगतो. त्यावरून त्याची पुष्कळ थट्टा झाली. पण लोक काय सांगतात ते नोंदवणे माझे काम, त्यावर विश्वास ठेवणे मला बंधनकारक नाही, असेही तोच बजावतो. पुरावा आणि ऐकीव गोष्ट यांच्यात रेघ ओढायची सवय इतकी जुनी आहे. आपल्याकडे बाराव्या शतकात कल्हणाने 'राजतरंगिणी' रचली. ती काव्यात आहे, पण त्यासाठी त्याने जुने शिलालेख आणि दानपत्रे तपासली होती आणि राग-लोभ बाजूला ठेवून न्यायाधीशासारखे लिहावे ही त्याची अपेक्षा होती.

आधुनिक काळात गिबनने रोमच्या ऱ्हासाचा इतिहास १७७६ ते १७८८ या काळात प्रसिद्ध केला आणि इतिहास हे साहित्य म्हणूनही वाचता येते हे इंग्रजी वाचकाला पटवले. थिओडोर मॉम्सेन या जर्मन इतिहासकाराला १९०२ साली साहित्याचे नोबेल मिळाले ते प्रामुख्याने रोमच्या इतिहासासाठी. पहिल्या महायुद्धानंतर एच. जी. वेल्सने सगळ्या मानवजातीचा इतिहास हप्त्याहप्त्याने छापला आणि तो घरोघर गेला. विल ड्युरंटने १९३५ साली आपल्या संस्कृतिकथेचा पहिला खंड काढला तो पूर्वेकडच्या देशांवर, त्यात भारत मोठ्या मानाने आला. गॉर्डन चाइल्डने १९४२ मध्ये, युद्ध चालू असताना, स्वस्त पुस्तकमालेतून पुरातत्त्वाच्या आधारे शेती, नगरे आणि लेखन यांची कथा सांगितली. या परंपरेत त्याचे महत्त्व वेगळे आहे. त्याच्या कथेचे नायक राजे नव्हते, तर नांगर, चाक आणि भट्टी होते. अलीकडे टॉम हॉलंड रोमच्या प्रजासत्ताकाचा अंत एखाद्या थरारकथेच्या वेगाने सांगतो, तर मेरी बिअर्ड 'एसपीक्यूआर'मध्ये वाचकाला थांबवून विचारते, की हे आपल्याला कोणी सांगितले आणि त्यात त्याचा काय स्वार्थ होता. दोन्ही पुस्तके तुफान खपली. वाचकाला वेग आवडतो आणि शंकाही आवडते, एवढे त्यावरून नक्की कळते.

मराठीत हा प्रवाह वेगळ्या वळणांनी वाहिला. रा. गो. भांडारकरांनी १८८४ साली दख्खनचा प्राचीन इतिहास लिहिला, पण इंग्रजीत. राजवाड्यांनी मराठ्यांच्या इतिहासाच्या साधनांचा डोंगर उपसला आणि 'भारतीय विवाहसंस्थेचा इतिहास' लिहून फार मागच्या काळातही उडी घेतली. ज्ञानकोशकार केतकरांनी 'प्राचीन महाराष्ट्र' हाती घेतले. साने गुरुजींनी हेन्री थॉमसच्या पुस्तकावरून 'मानवजातीची कथा' मराठीत आणली. जगाचा इतिहास मुलाबाळांना सांगण्याजोगा असतो, ही जाणीव त्यामागे होती.

त्यानंतरच्या लेखनात मला चार घराणी दिसतात. पहिले घराणे कोरीव लेखांचे. वा. वि. मिराशी त्याचे मुकुटमणी. वाकाटक, सातवाहन, क्षत्रप यांचे ताम्रपट आणि शिलालेख वाचून त्यांनी राजवंशांची साखळी जुळवली. दुसरे घराणे महाकाव्ये आणि लोकदैवतांकडे मानवशास्त्राच्या नजरेने पाहणाऱ्यांचे. इरावती कर्व्यांच्या 'युगान्त'ने महाभारतातल्या माणसांना देव्हाऱ्यातून खाली आणले आणि १९६८ साली साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळवला. रा. चिं. ढेऱ्यांनी 'श्रीविठ्ठल : एक महासमन्वय'मध्ये पंढरीच्या देवाचा माग धनगर-गवळ्यांच्या कुरणांपर्यंत काढला. तिसरे घराणे बंडखोरांचे. १८७३ साली 'गुलामगिरी' लिहून जोतीराव फुल्यांनी पुराणकथा उलट्या बाजूने, जिंकल्या गेलेल्यांच्या बाजूने, वाचून दाखवल्या. पुढे शरद पाटील आणि आ. ह. साळुंखे यांनी ती वाट रुंद केली. दा. ध. कोसंबी इंग्रजीत लिहीत, पण पुण्याच्या आसपासच्या टेकड्या पायी तुडवून देवीची ठाणी आणि गारगोटीची हत्यारे यांचा संबंध लावण्याची त्यांची रीत याच मातीतली होती.

चौथे घराणे कुदळ-फावड्याचे, आणि या पुस्तकाचे नाते त्याच्याशी सर्वांत जवळचे. डेक्कन कॉलेजात हसमुख सांकलियांनी ते उभे केले. नेवासे, जोर्वे आणि पुणे जिल्ह्यात घोड नदीकाठचे इनामगाव ही त्याची मोठी कामे. त्यांच्या परंपरेतल्या म. के. ढवळीकरांनी 'महाराष्ट्राची कुळकथा' आणि 'आर्यांच्या शोधात' लिहून उत्खननाचे फलित मराठी वाचकाच्या हातात दिले. तज्ज्ञाने स्वतःच्या भाषेत, सोपे करून आणि तरी पातळ न करता लिहावे, याचा तो वस्तुपाठ आहे. दुर्दैव एवढेच, की या चार घराण्यांचे एकमेकांकडे येणे-जाणे कमी. लेख वाचणारा खापराकडे वळत नाही, दैवतकथा उलगडणारा थरांच्या कालमापनाकडे पाहत नाही, आणि वाचक बिचारा एका पुस्तकात राजे, दुसऱ्यात देव आणि तिसऱ्यात मडकी घेऊन बसतो.

या चौघांना एका पंगतीला बसवले तर काय होते, याची दोन उदाहरणे इथे जरा जवळून पाहू.

१९७४ साली दायमाबादला एका भिल्ल शेतमजुराला झाडाचे मूळ खणताना ब्राँझच्या चार वस्तू सापडल्या. दोन बैल जुंपलेला रथ आणि त्यात उभा हाकणारा, हत्ती, गेंडा आणि रेडा. सगळ्यांचे मिळून वजन ६० किलोंहून अधिक. रथ सुमारे ४५ सेंटिमीटर लांब, हाकणारा माणूस १६ सेंटिमीटर उंच. या भरीव ओतकामाला किती धातू लागला असेल याचा अंदाज आला, की हे लहान मुलाचे खेळणे नव्हे हे कळते. आता गोष्ट सांगणाऱ्याची कसोटी लागते. या वस्तू पद्धतशीर उत्खननात, ठरलेल्या थरात सापडलेल्या नाहीत. त्यामुळे त्यांचा काळ थेट सांगता येत नाही. पुढे १९७५ ते ७९ या काळात एस. ए. साळी यांनी तिथे मोठे उत्खनन केले तेव्हा उत्तर हडप्पा काळाचा थर मिळाला, हडप्पा लिपीची चिन्हे असलेल्या मुद्राही मिळाल्या. म्हणून अनेक अभ्यासक या ब्राँझ वस्तू त्याच काळातल्या, म्हणजे सुमारे चार हजार वर्षांपूर्वीच्या, मानतात. दुसरीकडे धातूच्या पृथक्करणात आर्सेनिकचे प्रमाण जास्त आढळले, म्हणून काहींनी शंका घेतली. घाईत लिहिणारा 'हडप्पाचे राजे रथातून प्रवरेकाठी आले' असे ठोकून देतो. संशोधक दोन्ही बाजू मांडून हात झटकतो. मला वाटते, खरी गोष्ट या वादातच आहे. एक मजूर, एक मूळ, चार मूर्ती आणि त्यांचे वय ठरवण्यासाठी मातीचा थर आणि प्रयोगशाळा दोघांची साक्ष काढणारे विद्वान, हे कथानक कोणत्याही राजाच्या स्वारीपेक्षा कमी रंगतदार नाही.

आणि या साक्षी समजायला पदवी लागत नाही. घोडेगावच्या बाजारात बैलाचा जबडा उघडून, दात पाहून वय सांगणारी माणसे आहेत. उत्खननात सापडलेल्या जनावरांच्या हाडांचा अभ्यास करणाराही दातांचे उगवणे आणि झिजणे पाहूनच वय ठरवतो. कळपातली किती जनावरे कोवळी मारली आणि किती म्हातारी होईतो राखली हे त्यातून कळते, आणि त्यावरून ती मांसासाठी पाळली की औतासाठी, याचा अंदाज बांधता येतो. ही पद्धत आमच्या बाजारातल्या व्यापाऱ्याला पाच मिनिटांत पटेल.

दुसरे उदाहरण नेवाशाचे. ताम्रपाषाण काळात या भागातले लोक लहान मूल दगावले तर त्याला मडक्यांत ठेवून, दोन मडक्यांची तोंडे एकमेकांना जोडून, घराच्या जमिनीखाली पुरत. नेवाशाच्या अशा एका दफनात मुलाच्या गळ्यातली तांब्याच्या मण्यांची माळ मिळाली. मणी ज्या धाग्यात ओवले होते त्याचे तंतू तांब्याच्या क्षारांमुळे टिकून राहिले होते, आणि तपासणीत त्यात रेशीम आढळले. तीन हजारांहून अधिक वर्षांपूर्वी प्रवरेकाठच्या एका घरात हा धागा कोणाच्या तरी हातात होता. त्या मुलाचे नाव आपल्याला कधीच कळणार नाही. आईबापांच्या मनात काय होते हेही लिहिता येणार नाही. मात्र मूल उंबऱ्याबाहेर न नेता घरातच ठेवले आणि माळ काढून घेतली नाही, एवढे निखालस खरे आहे. त्यापुढचे वाचकाने स्वतःच्या जबाबदारीवर समजावे. प्राचीन काळाच्या कथनाचा मोठा पेच इथे आहे. ज्यांची नावे आहेत त्यांची गोष्ट सांगणे सोपे, पण प्राचीन जगातली बहुसंख्य माणसे निनावी आहेत.

नावे येतात ती सातवाहनांबरोबर. नाणेघाटात नागनिकेच्या लेखात यज्ञांची आणि दक्षिणेत दिलेल्या गाई, घोडे, कार्षापणांची यादी आहे. नाशिकच्या लेण्यात गौतमी बलश्री आपल्या मुलाचा, गौतमीपुत्र सातकर्णीचा, पराक्रम सांगते आणि त्याने क्षहरातांचा वंश उखडल्याचे कोरून ठेवते. आईने मुलाचे केलेले कौतुक म्हणून ते बाजूला ठेवता आले असते. पण १९०६ साली नाशिक जिल्ह्यात जोगळटेंभीला तेरा हजारांहून अधिक चांदीची नाणी सापडली. ती क्षहरात नहपानाची होती आणि त्यांतल्या सुमारे दोन तृतीयांश नाण्यांवर गौतमीपुत्राने आपला ठसा पुन्हा मारला होता. शिलालेखाच्या बढाईला नाण्याने दुजोरा दिला. त्याच सुमारास एका ग्रीक भाषिक व्यापाऱ्याने लिहिलेल्या 'पेरिप्लस' या समुद्रप्रवासाच्या मार्गदर्शिकेत भडोचहून दक्षिणेला वीस दिवसांवर पैठण आणि तिथून पूर्वेला दहा दिवसांवर तेर असल्याची नोंद आहे. नेवाशाच्या उत्खननात रोमन दारूच्या कुंभांचे तुकडेही मिळाले. रोमचा इतिहास आणि नेवाशाचा इतिहास हे दोन वेगळे विषय आहेत, हे वर्गातल्या वेळापत्रकाने ठरवले. त्या काळच्या व्यापाऱ्यांना ते ठाऊक नव्हते.

हे सगळे आताच का सांगायचे? एक कारण उघड आहे. प्राचीन काळाबद्दलची भूक कधी नव्हे इतकी वाढली आहे आणि ती भागवणारे ताट बहुतेक वेळा मोबाइलवर वाढले जाते. दहा मिनिटांच्या चित्रफितीत विमाने उडतात, आर्य येतात किंवा येत नाहीत, आणि खाली भांडणे होतात. २०१९ साली डेक्कन कॉलेजच्या वसंत शिंदे यांच्या नेतृत्वाखाली राखीगढीतल्या एका स्त्रीच्या सांगाड्यातून मिळालेल्या जनुकांवर शोधनिबंध आला. निष्कर्ष काळजीपूर्वक मांडलेले होते, बातम्यांचे मथळे मात्र परस्परांच्या विरुद्ध टोकांना गेले. विज्ञान पुढे सरकते आणि त्याचा अर्थ लावणारे सुबोध लेखन मागे राहते, तेव्हा मधली जागा गोंगाट भरून काढतो.

दुसरे कारण आमच्या डोळ्यांदेखत घडते आहे. जुन्या वस्त्यांची टेकाडे म्हणजे पांढऱ्या, राखाडी मातीचे ढीग. ही माती पिकाला चांगली म्हणून पिढ्यान्‌पिढ्या शेतात टाकली गेली. आता जेसीबी आहे, त्यामुळे पूर्वी ज्याला वर्षे लागत ते एका दुपारी सपाट होते. शेतकऱ्याला बोल लावण्यात अर्थ नाही. त्या ढिगाची गोष्ट त्याला कोणी सांगितलीच नाही. कायदा नोंदवलेली स्थळे वाचवू शकतो. न नोंदवलेली वाचवायची तर गावाला ती आपली वाटावी लागतात.

तिसरे कारण पाण्याचे. इनामगावच्या उत्खननावरून असे दिसते, की इसवी सनापूर्वी १००० च्या सुमारास हवामान कोरडे होत गेले, चौकोनी प्रशस्त घरांच्या जागी लहान गोल झोपड्या आल्या, शेती आक्रसली आणि लोक जनावरांमागे फिरू लागले. त्याआधी त्याच गावाने पाट काढला होता आणि बांध घातला होता. अवर्षणप्रवण जिल्ह्यात उसाच्या आणि आवर्तनाच्या राजकारणात वाढलेल्या वाचकाला ही परकी गोष्ट वाटणार नाही. जुन्या लोकांनी काय केले याची नक्कल करता येत नाही, पण इथे वस्ती टिकवणे कायमच कष्टाचे होते एवढे समजले तरी पुष्कळ.

या पुस्तकाचा पट प्रवरेच्या काठावरून सुरू होतो आणि सिंधू, मेसोपोटेमिया, इजिप्त, ग्रीस, रोम, चीन असा फिरून पैठणला परत येतो. सगळे जग सांगण्याचा आव त्यात नाही. प्रत्येक ठिकाणी एखादी वस्तू, एखादा लेख किंवा एखादे दफन हाती धरून त्याभोवतीचे जग उभे करण्याचा प्रयत्न आहे. त्यासाठी काही पथ्ये पाळली आहेत. पदरचा संवाद एकही नाही. जिथे पुरावा संपतो आणि तर्क सुरू होतो तिथे तसे सांगितले आहे, आणि तेही तळटिपेत न लपवता, कथेच्या ओघातच. अभ्यासकांत मतभेद असतील तिथे दोन्ही बाजू दिल्या आहेत आणि मला कोणती जास्त पटते हेही लिहिले आहे, कारण मत न देणे हीदेखील एक पळवाट असते. राजांना त्यांची जागा दिली आहे, पण कुंभार, गुराखी, खाणकामगार आणि दासी यांना त्यांच्यामागे रांगेत उभे केलेले नाही.

काही गोष्टी मुद्दाम टाळल्या आहेत. कोणती संस्कृती सर्वांत जुनी, कोणी कोणाला शिकवले, कोणाचे पूर्वज थोर, या शर्यतीत हे पुस्तक उतरत नाही. प्राचीन जगात कल्पना, धान्ये, धातू आणि देव सतत हात बदलत होते. त्यांचा मालक शोधण्यापेक्षा वाट शोधणे जास्त फलदायी असते. शौर्याच्या वर्णनांना मी हात आखडता घेतला आहे, कारण विजेत्यांनी आपले कौतुक दगडात आधीच पुरेसे कोरून ठेवले आहे.

वाचकाने हे पुस्तक सलग वाचावे असा आग्रह नाही. रोमपासून सुरुवात करून मागे आले तरी चालेल. एक विनंती मात्र आहे. बाजारात जनावर घेताना आपण विकणाऱ्याच्या शब्दावर जात नाही, स्वतः दात पाहतो. प्राचीन काळाबद्दल कोणीही काहीही सांगो, मंचावरून, मोबाइलवरून किंवा या पुस्तकाच्या पानांतून, त्याला तसेच 'कशावरून?' असे विचारावे. उत्तर पुढच्या चार-सहा ओळींत सापडले नाही तर तो दोष माझा समजावा आणि मला तसे निःसंकोच कळवावे.

घोडेगाव, ता. नेवासा